सुट्टीत भारतात येऊन दातांचं काम करायचंय? व्हिडिओ कॉलआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती आटोपले की माझ्या फोनवर परदेशातले नंबर दिसायला लागतात. माझा दवाखाना पुण्यात, पेशंट बहुतेक पेठांतले. डिसेंबर-जानेवारीत मात्र त्यांची मुलं, सुना, जावई येतात आणि तीन आठवड्यांत लग्न, कुलदैवत, बँक, आधार कार्ड आणि दात असं सगळं उरकायचं असतं. थंडीत पुण्यात रात्रीचे साडेआठ म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे दहा, त्यामुळे शनिवारचं माझं जेवण बहुधा कॉलनंतरच होतं. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवते. तुम्ही माझ्याकडे या, दुसऱ्या कोणाकडे जा, नाहीतर बुडापेस्टला किंवा बँकॉकला जा, यातलं बरंचसं सगळीकडे लागू पडतं.

कॉलवर दात तपासून होतात का?

नाही. कॉलवर दात दिसतात, तपासले जात नाहीत.

तपासताना मी आरशाच्या दांडीने दातावर टकटक करते. थंड कापूस लावून नस जिवंत आहे का ते बघते. हिरडी आणि दात यांच्या फटीत खुणा असलेली बारीक सळी, म्हणजे प्रोब, घालून खोली मोजते. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे गेली की हाड खचतंय का अशी शंका घ्यायची. मग दात हलतो का, चावताना कुठे आधी टेकतो, हे बघायचं. यातलं एकही काम फोनमधून होत नाही.

हे मी ठेच खाऊन शिकले. काही वर्षांपूर्वी लंडनच्या एका गृहस्थांनी ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकच मोठा एक्स-रे, पाठवला होता. खालची एक दाढ नव्हती, दोन्ही बाजूंच्या दातांच्या आधाराने ब्रिज बसवायचा होता. मागच्या दाढेचं रूट कॅनाल झालेलं, एक्स-रेत सगळं छान. मी कॉलवर सांगून टाकलं, "होईल, दहा दिवस पुरेत." ते आले, खुर्चीत बसले, मी त्या दाढेभोवती प्रोब फिरवला. दोन, दोन, तीन, आणि एका जागी सळी सर्रकन नऊ मिलिमीटर आत गेली. बाकी सगळीकडे ठीक आणि एकाच ठिकाणी इतकं खोल, म्हणजे बहुधा मूळ उभं चिरलेलं. हिरडी उघडून पाहिली तर चीर समोरच होती. अशी दाढ वाचत नाही. ब्रिजचा एक खांबच गेला, दहा दिवसांचं गणित गेलं, आणि ते बिचारे जखम घेऊन लग्नाच्या पंगतीला बसले. चूक माझी होती. तेव्हापासून कॉलवर मी "बहुतेक" हा शब्द सोडत नाही.

मग कॉल करायचाच कशाला?

तीन गोष्टी ठरवायला: यायचं का, किती दिवसांसाठी यायचं, आणि निघण्याआधी तिकडे कोणत्या तपासण्या करून घ्यायच्या. कुठला दात कापायचा, कुठला काढायचा, हे खुर्चीत बसल्यावरच ठरतं. जो डॉक्टर ते कॉलवरच पक्कं करतो आणि लगेच पूर्ण पैसे मागतो, त्याला नम्रपणे नमस्कार करा.

फोटो आणि एक्स-रे कसे पाठवू?

सेल्फी नको. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात उभे राहा. दोन स्टीलचे चमचे घ्या, त्यांच्या दांड्यांनी ओठांचे कोपरे बाजूला ओढा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी फोटो काढायला सांगा. समोरून दात मिटून, डावीकडून, उजवीकडून, मग तोंड उघडून वरची कमान आणि खालची कमान, असे पाच फोटो पुरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला की तो दाबून बारीक होतो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

एक्स-रेची मूळ फाइल मागा, स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो नको. त्यात खिडकीचं प्रतिबिंब आणि तुमचा अंगठा जास्त दिसतो. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, असेल तर डायकॉम, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइल्सचं पूर्ण फोल्डर हवं. तिकडच्या डॉक्टरांकडून स्वतःच्या नोंदींची प्रत मागायला संकोच करू नका. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तो तुमचा कायदेशीर हक्क आहे. जुन्या रूट कॅनालचे आधीचे एक्स-रे मिळाले तर सोन्याहून पिवळं, कारण मुळाशी दिसणारा काळा डाग भरून येतोय की वाढतोय हे दोन फोटो शेजारी ठेवल्यावरच कळतं.

इम्प्लांटसाठी ओपीजी पुरत नाही का?

पुरत नाही. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू आणि त्यावर नवा दात. ओपीजी हे सपाट चित्र, तेही प्रत्यक्षापेक्षा मोठं दिसणारं. हाडाची उंची त्यावरून साधारण कळते, जाडी अजिबात नाही. खालच्या जबड्यातून नस जाते, तिच्यापासून निदान दोन मिलिमीटर अंतर ठेवायचं असतं. ती दुखावली तर ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते, कधी कायमची. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. हे सगळं तिन्ही बाजूंनी बघायला सीबीसीटी लागतो. तो तिकडे नुकताच झाला असेल तर इथे पुन्हा काढायला लावू नका, विनाकारण किरण कशाला घ्यायचे?

दात दुखतोय, आणि तुम्ही बीपी-शुगरच्या गोळ्या का विचारता?

कारण काही औषधांचा संबंध थेट जबड्याशी असतो. हाडं ठिसूळ झाली म्हणून अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल, तर दात काढल्यावर जखमेतलं हाड भरून न येण्याचा धोका असतो. गंमत अशी की औषधं विचारली की लोक गोळ्यांचाच डबा आठवतात. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून दिलेलं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून "गेल्या काही वर्षांत कुठलं इंजेक्शन घेतलं होतं का?" हे मी आई-वडिलांच्या वयाच्या पेशंटला वेगळं विचारते.

रक्त पातळ करायची गोळी, मग ती अ‍ॅस्पिरिन असो, क्लोपिडोग्रेल असो की वॉर्फरिन, स्वतःच्या मनाने बंद करू नका. दातातून थोडं जास्त रक्त आलं तर आम्ही थांबवू शकतो. गोळी बंद केल्याने स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते माझ्या हातातलं नाही. मधुमेह असेल तर ताजा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीचा रिपोर्ट, सोबत आणा. आणि हे कॉलवर कोणी विचारलंच नाही, थेट दातांचे रंग दाखवायला सुरुवात केली, तर समोर डॉक्टर आहे की सेल्समन याचा विचार करा.

समोरचा डॉक्टर खरा आहे हे कसं कळणार?

भारतात १९४८ च्या दंतवैद्य कायद्यापासून राज्याराज्यांत दंत परिषदा आहेत. महाराष्ट्राची वेगळी, गोव्याची वेगळी. नोंदणी क्रमांक विचारा आणि परिषदेकडे पडताळा. खरा डॉक्टर यावर चिडत नाही. मला कोणी विचारलं तर बरंच वाटतं.

बीडीएस ही पदवी, त्यानंतर तीन वर्षांचं एमडीएस. एमडीएसचे विषय ठरलेले आहेत: कृत्रिम दात, हिरड्या, रूट कॅनाल, शस्त्रक्रिया, वाकडे दात वगैरे. 'इम्प्लांटॉलॉजिस्ट' नावाचं एमडीएस नाही. पाटीवर तो शब्द दिसला तर प्रशिक्षण कुठे आणि किती काळ घेतलं ते विचारा. दोन दिवसांच्या वर्कशॉपचंही सर्टिफिकेट फ्रेम करून लावता येतं.

त्याहून महत्त्वाचं: कॉलवर बोलणारी व्यक्तीच काम करणार का? बऱ्याच ठिकाणी गोड बोलणारे कोऑर्डिनेटर असतात आणि इम्प्लांट घालायला बाहेरून सर्जन येतो. त्यात गैर काही नाही, मीही अवघड शस्त्रक्रियेला सर्जनला बोलावते. पण त्यांचं नाव आधी कळायला हवं, आणि चार महिन्यांनी स्क्रूवर दात बसवायला तेच भेटणार का, हेही.

किती दिवस काढून यावं?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण लोक आधी तिकीट काढतात आणि मग मला फोन करतात.

रूट कॅनाल आणि त्यावर कॅप म्हणजे आठ-दहा दिवस धरा. रूट कॅनाल एक ते तीन सिटिंगमध्ये होतं, मग दात मशीनने घासून बारीक करून माप घ्यायचं, ते लॅबला जातं, कॅप तीन-चार दिवसांनी येते. डिसेंबरात लॅबवालेही लग्नसराईत बुडालेले असतात, तेव्हा आणखी दोन दिवस धरा. शेवटची कॅप बसल्यावर चार-पाच दिवस रिकामे ठेवा. नवी कॅप दवाखान्यात छान वाटते आणि घरी भाकरी चावली की कळतं की एका बाजूला उंच आहे. दोन मिनिटांत घासून देता येते, पण तुम्ही पुण्यात असाल तर.

इम्प्लांट म्हणजे दोन खेपा. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. हाड टायटॅनियमला घट्ट धरतं हा त्यांचा शोध, आणि ते धरायला हाड स्वतःचा वेळ घेतं. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात अनेकदा चार ते सहा. डिसेंबरात स्क्रू घाला, उन्हाळ्यात मुलांच्या सुट्टीत येऊन त्या स्क्रूवर दात बसवा, असं वर्षाचं गणित जमतं. हाडाची भर घालावी लागली तर आणखी थांबावं लागतं. हाड भक्कम असेल तर काही पेशंटना लगेच तात्पुरता दात देता येतो, पण ते मी स्क्रू किती घट्ट बसला हे मोजून ठरवते, फोनवर नाही.

"तीन दिवसांत सगळे दात" अशी जाहिरात पाहिली. शक्य आहे का?

दात नसलेल्या किंवा सगळे काढावे लागणाऱ्या माणसाला चार इम्प्लांटवर काही दिवसांत पूर्ण कमान देता येते, ते खरं आहे. पण ती बहुधा तात्पुरती असते, पक्की काही महिन्यांनी बसते. जाहिरातीत हे दुसरं वाक्य बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच.

मला काळजी वाटते ती तिशीच्या आतल्या, चांगले दात असलेल्या मुलामुलींची. ब्रिटनमध्ये 'टर्की टीथ' हा शब्दच रूढ झालाय. मुलं तुर्कस्तानात जातात, व्हेनिअर म्हणून पैसे भरतात आणि येतात सगळ्या दातांना कॅप लावून. व्हेनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा, त्याला पुढून साधारण अर्धा मिलिमीटर घासतात. कॅपला दात चहूबाजूंनी घासून खुंटी करतात, दीड-दोन मिलिमीटरपर्यंत. घासलेलं इनॅमल परत येत नाही. कॅप आयुष्यभर टिकत नाही, म्हणजे पंचविशीत वीस कॅप बसवल्या की जन्मभर त्या बदलत राहायच्या, आणि त्यातल्या काही दातांचं रूट कॅनालही ओघानेच आलं. म्हणून कॉलवर थेट विचारा: "माझा दात किती मिलिमीटर कापणार, आणि सगळीकडून की फक्त पुढून?" हे लेखी मागा. सरळ दात फक्त पिवळे असतील तर आधी ब्लीचिंग, थोडे वाकडे असतील तर अलाइनर, म्हणजे दात सरळ करणारे पारदर्शक साचे. त्यात दात आहे तसा राहतो.

कोटेशन कसं असावं?

दातागणिक. "फुल माउथ, एकरकमी, ऑफर रविवारपर्यंत" हा फराळाच्या ऑर्डरचा भाव झाला. इम्प्लांटचा स्क्रू, त्यावरचा जोड म्हणजे अबटमेंट, आणि कॅप या तीन वस्तू आहेत. स्वस्त आकडा पुष्कळदा फक्त पहिल्या वस्तूचा असतो. कंपनीचं नाव, कॅप कशाची, हाडाची भर लागली तर किती, एखादा दात वाचला नाही तर काय, हे सगळं त्यात हवं. अ‍ॅडव्हान्स थोडा द्या, दवाखान्याच्या खात्यात द्या आणि पावती घ्या. कोऑर्डिनेटरच्या स्वतःच्या खात्यात पैसे मागितले तर बोलणं तिथेच थांबवा.

"पंधरा वर्षांची वॉरंटी" म्हणजे बहुधा कॅपच्या साहित्याची. विमानाचं तिकीट आणि तुमची रजा त्यात धरलेली नसते.

प्रवास विमा चालेल ना?

सहसा नाही. ठरवून घेतलेले उपचार आणि त्यातून उद्भवलेला त्रास बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो. अमेरिकेतला दातांचा विमा भारतातल्या बिलाचे काही पैसे देतो का, ते निघण्याआधी लेखी विचारा. तसाही त्याची वर्षाची मर्यादा अनेकदा हजार-दोन हजार डॉलरच असते.

भारतात स्वच्छता नीट पाळतात का, कसं बघू?

हा प्रश्न लोक अडखळत विचारतात. बिनधास्त विचारा. ऑटोक्लेव्ह म्हणजे शास्त्रशुद्ध प्रेशर कुकर: १२१ अंश सेल्सिअस, पंधरा पौंड दाब, किमान पंधरा मिनिटं. नुसत्या उकळत्या पाण्याने सगळे जंतू मरत नाहीत. हत्यारं बंद पाउचमध्ये असतात, पाउचवरची खूण वाफेत रंग बदलते. ते पाउच तुमच्या समोर फोडलं जायला हवं. दात कोरायच्या मशीनचा हँडपीससुद्धा दर पेशंटला ऑटोक्लेव्हमधून यायला हवा, नुसता स्पिरिटने पुसून चालत नाही. कॉलवर मागाल तर मी फोन फिरवून आतली खोली दाखवते. तुम्ही निवडाल त्या दवाखान्यालाही सांगून बघा.

निघताना कोणते कागद घ्यायचे?

इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतो. त्यावर कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी आणि लॉट नंबर. तो स्टिकर तुमच्या फाइलमध्ये चिकटवून घ्या, आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. कारण सांगते. पाच वर्षांनी लेस्टरमध्ये जेवताना दात हलला, आतला स्क्रू सैल झाला. काम दहा मिनिटांचं, पण प्रत्येक कंपनीचा पेचकस वेगळा. कंपनी माहीत नसेल तर तिथला डॉक्टर नुसता एक्स-रे बघून अंदाज बांधत बसतो, आणि अगदीच अनोळखी कंपनी असेल तर हात वर करतो.

बाकी आधीचे आणि नंतरचे एक्स-रे, कुठल्या दातावर काय केलं त्याचा सारांश इंग्रजीत, कॅप सिमेंटने चिकटवली की स्क्रूने बसवली, रंगाचा शेड नंबर आणि बिलं.

दात काढल्यावर विमानात कधी बसावं?

साधा दात असेल तरी तीन-चार दिवस जाऊ द्या. जखमेतली गुठळी निघून हाड उघडं पडलं तर ठणका साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतो, आणि तो तुम्हाला अटलांटिकवर नको. सायनस लिफ्ट, म्हणजे वरच्या दाढांवरच्या पोकळीचा तळ उचलून हाडाची भर घालणं, झालं असेल तर साधारण दोन आठवडे विमान टाळा, नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवा.

गोळ्या सोबत नेता येतील?

प्रिस्क्रिप्शनसह, मूळ पाकिटात. आखातात राहणाऱ्यांनी जास्त जपायला हवं: ट्रामाडॉल आणि कोडीन यूएईमध्ये नियंत्रित औषधं आहेत, आधी परवानगी लागते. इथे दुखण्यावर सर्रास लिहून दिलेल्या स्ट्रिपमुळे विमानतळावर अडकू नका. दुबई-शारजाहच्या पेशंटना मी पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनवरच भागवायला लावते.

परत गेल्यावर दुखलं तर तुम्हाला कॉल करू?

करा, पण मी तिथे औषध लिहून देऊ शकणार नाही. मार्च २०२० मध्ये आपल्याकडे टेलिमेडिसिनची जी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत भारताबाहेरच्या पेशंटचा सल्ला धरलेलाच नाही, आणि पुण्याच्या चिठ्ठीवर न्यू जर्सीतला केमिस्ट अँटिबायोटिक देणार नाही. म्हणून निघण्याआधीच तिकडच्या तुमच्या डॉक्टरना सांगून ठेवा की मी अमुक काम करून घेतोय, नंतर बघाल का? काही जण दुसऱ्याच्या कामाला हात लावत नाहीत. ते आधी कळलेलं बरं.

एक मात्र लक्षात ठेवा. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, सोबत ताप असेल, तर मला फोटो पाठवत बसू नका. थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

काम बिघडलं तर दाद कुठे मागायची?

आधी लेखी स्वरूपात दवाखान्याकडे, मग राज्याच्या दंत परिषदेकडे. भरपाईसाठी ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात स्पष्ट केलं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. पण शिकागोत बसून पुण्यातली तारीख सांभाळणं किती जमतं ते तुम्हीच बघा. तुर्कस्तान किंवा मेक्सिकोत काम करून घेतलं असेल तर तिथला कायदा, तिथली भाषा, तिथला वकील.

गोव्यात सुट्टी आणि दात एकत्र जमेल का?

परदेशी पर्यटकांची सवय असलेले चांगले दवाखाने गोव्यात बरेच आहेत. फक्त क्रम लक्षात घ्या: आधी समुद्र, मग दात. दात काढल्यावर काही दिवस पोहणं नाही, सिगारेट नाही, स्ट्रॉने पिणं नाही, तिखट हुमण नाही. मेट्रोनिडाझोल चालू असेल तर फेणीही नाही.

डॉक्टर, लग्न वीस तारखेला आहे. मी अठराला उतरतोय. होईल ना?

बहुतेक नाही. दहाला या, झोप झाली की अकराला सकाळी खुर्चीत बसा. अठरालाच येणार असाल तर लग्नाआधी फक्त तपासणी आणि साफसफाई करू, बाकीचं लग्नानंतर. फोटोत सूज नको आणि पंगतीत जिलबीबरोबर तात्पुरती कॅपही निघायला नको.